निघण्यापूर्वींचे बारा आठवडे

डिसेंबर महिना उजाडला, कीं आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत एक विषय हमखास निघतो. नाताळच्या सुटींत सायकलीवरून कोठें तरी दूर जावयाचें. कोणी पंढरपूर म्हणतो, कोणी महाबळेश्वर, कोणी थेट गोवा. अंतरें मोजलीं जातात, सोबती ठरतात, आणि आठ दिवसांत निघण्याचा बेत पक्का होतो. घरीं तो कानीं पडतांच बहुतेक वडिलांकडून एकच उत्तर मिळतें : नाहीं. रस्त्यावर मालमोटारी धांवतात, मुलगा आजवर गांवाच्या वेशीपलीकडे फारसा गेला नाहीं, अभ्यास पडून आहे, विषय संपला. मुलें हिरमुसतात, एखादा धीट मुलगा न सांगतांच निघतो, आणि दोन्ही पक्षांस आपणच शहाणे असें वाटत राहतें.

ह्या वादांत आम्हांस दोन्ही पक्षांचें अर्धें अर्धें पटतें. मुलांची इच्छा चांगली आहे. घाई वाईट आहे. वडिलांचें भय खरें आहे. परंतु त्या भयावर त्यांनीं योजिलेला उपाय खोटा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सफरीची परवानगी ही मागण्याची वस्तु नसून मिळविण्याची वस्तु आहे, आणि ती मिळविण्याचें साधन म्हणजे निघण्यापूर्वींचे बारा आठवडे. ज्यानें ते नियमानें घालविले त्यास घरच्यांनीं अडवूं नये. ज्यानें घालविले नाहींत त्यानें हट्ट धरूं नये. हेंच येथें सविस्तर सांगण्याचा आमचा हेतु आहे.

शिरूर व दौंड ह्या दोन्ही तालुक्यांतील मुलें आमच्या शाळेंत येतात. त्यांत रोज चार-सहा किलोमीटर सायकल चालवीत येणारीं पुष्कळ. आपणांस सायकल येते असें त्यांस वाटतें. येते हें खरें. पण सायकल येणें निराळें आणि सायकलीवरून दूर जातां येणें निराळें. ज्यास विहिरींत पोहतां येतें, त्यास भीमेचा पूर ओलांडतां येईलच असें नाहीं.

दूरच्या सफरीचें वेड आजचें नव्हे. थॉमस स्टीव्हन्स नांवाचा एक गृहस्थ १८८४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून, पुढें भलें मोठें व मागें अगदीं लहान चाक असलेल्या त्या वेळच्या उंच सायकलीवर बसून निघाला, तो १८८६ च्या अखेरीस जपानांत योकोहामास पोहोंचला. वाटेंत लाहोरहून कलकत्त्यापर्यंतचा रस्ताही त्यानें सायकलीनेंच तुडविला. मुंबईचें उदाहरण तर याहून जवळचें. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. वजनें उचलण्याच्या व्यायामाचे ते शौकी, अंगानें धट्टेकट्टे. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांचा फेरा पुरा करून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परत आले. बाकीच्या तिघांनीं वाटेंत निरनिराळ्या ठिकाणीं त्यांची संगत सोडली होती. पुढें १९८५ सालीं बाबा आमटे यांनीं ‘भारत जोडो’ची हांक देऊन शंभरावर तरुणांस कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवरून नेलें. पाठीच्या दुखण्यामुळें बाबांस स्वतः बसणें अशक्य होतें; ते वाहनांत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. आणि २०१८ सालीं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी ह्या विशीच्या उंबरठ्यावरील मुलीनें १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी पुरी केली.

ह्या कथा वाचून आमचे विद्यार्थी त्यांतील धाडस तेवढें उचलतात. आमची त्यांस विनंति आहे कीं, त्यांनीं पाटी घेऊन जरा गणित करावें. त्या तीन पारशी तरुणांचे ७१,००० किलोमीटर त्यांस लागलेल्या सुमारें सोळाशें दिवसांनीं भागिले, तर दिवसास चव्वेचाळीस किलोमीटर पडतात. शिरूरहून न्हावऱ्यावरून केडगांवास जाण्याचें अंतर जवळजवळ तेवढेंच भरेल! म्हणजे सरासरीनें पाहतां, शिरूर-केडगांवाएवढी मजल रोज एक याप्रमाणें सोळाशें दिवस मारून त्यांनीं पृथ्वीला वळसा घातला. एका दिवसाचा पराक्रम त्यांत कोठेंच नाहीं. आहे ती चिकाटी. वेदांगीची सरासरी दिवसास १८२ किलोमीटर पडते. ती कसलेल्या माणसाची गोष्ट झाली, नवशिक्यानें ती हिशेबांत धरूं नये.

वेगाविषयींही मुलांच्या मनांत असाच गैरसमज असतो. जो सर्वांच्या पुढें पळाला तो उत्तम सायकलस्वार, असें त्यांस वाटतें. दूरच्या सायकलस्वारांची ‘ऑडॅक्स’ नांवाची एक जगप्रसिद्ध पद्धत आहे. आपल्याकडील पुण्यामुंबईचे सायकलस्वारही तीप्रमाणें फेऱ्या करतात. तींत २०० किलोमीटरांस साडेतेरा तासांची, ३०० किलोमीटरांस वीस तासांची व ६०० किलोमीटरांस चाळीस तासांची मुदत असते. खाणें, विसावा, पंक्चर काढणें, सर्व कांहीं त्यांतच. हिशेब केल्यास ताशीं पंधरा किलोमीटर, हीच गति निघते. आणि मौज अशी कीं, पहिला कोण आला हें तेथें कोणी विचारीतच नाहीं. मुदतींत आला कीं नाहीं एवढेंच पाहतात. प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीच्या धांवपटूंचा दृष्टांत घेतला आहे. करिंथ नगराजवळ इस्थमी खेळ भरत असत, त्यामुळें तो दृष्टांत त्या लोकांस लागलीच समजे. पण त्या उताऱ्यांत पौलाचा भर नुसत्या धांवण्यावर नाहीं, तर शर्यतीपूर्वीं धांवपटु पाळतो त्या इंद्रियनिग्रहावर आहे, हें आमच्या वाचकांनीं मूळ पत्र उघडून अवश्य पाहावें.

आतां हा निग्रह बारा आठवडेच कां, आठ दिवस कां नव्हे, हें शरीरशास्त्राच्या आधारें सांगितलें पाहिजे. रोज सायकल चालवूं लागल्यावर छातींतील दम कांहीं आठवड्यांतच वाढल्याचें जाणवतें. मांडीचे व पोटऱ्यांचे स्नायूही बऱ्यापैकीं लवकर बळावतात. परंतु स्नायूंस हाडांशीं बांधणारे जे कंडरा, ते फार सावकाश बळकट होतात. नवशिका फसतो तो येथेंच. दम आहे, पायांत जोर आहे, म्हणून तो एकदम साठ किलोमीटर जातो. आणि दुसऱ्या दिवशीं गुडघा धरून बसतो. त्याशिवाय बैठकीवरील कातडी, हाताचे तळवे, मान व पाठ यांसही आपआपला धडा हळूहळूच शिकावा लागतो. शेतकऱ्यास हें सांगावयास नकोच. बाजरी दोन दिवसांत उगवली तरी कणीस दोन दिवसांत येत नाहीं.

म्हणून आम्हीं नवशिक्यासाठीं पुढील क्रम योजिला आहे. नाताळांत निघावयाचें असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत आरंभ करावा. आठवड्यांतून तीन दिवस सकाळीं अर्धा ते पाऊण तास सायकल चालवावी. शनिवारीं एक लांब फेरी करावी. रविवार हा उपासनेचा दिवस. त्या दिवशीं शरीरासही विसावा द्यावा. विश्रांति म्हणजे आळस असें कोणी समजूं नये. व्यायामानें झालेली झीज भरून निघून शरीर बळावतें तें विश्रांतींतच. शनिवारच्या फेरीचें जाण्यायेण्याचें मिळून अंतर पहिल्या तीन आठवड्यांत अनुक्रमें २०, २२ व २४ किलोमीटर असावें, आणि चौथ्यांत मुद्दाम कमी करून १६ वर आणावें. पुढें २७, ३० व ३३. आठव्यांत पुन्हां २२. नंतर ३७, ४१ व ४५. आणि निघण्याच्या आधींच्या बाराव्या आठवड्यांत फक्त २५. हलका आठवडा वगळल्यास, मागील अंतरांत आठव्या-दहाव्या हिश्श्याहून अधिक भर एकदम पडत नाहीं, हें सूज्ञांच्या ध्यानांत येईल. अकराव्या आठवड्यांत लांब फेरीच्या लगतच्या दिवशीं आणखी एक वीस किलोमीटरांची फेरी करावी; कारण सफरीचा कठीण भाग पहिल्या दिवसाची संध्याकाळ नसून दुसऱ्या दिवसाची सकाळ असते. पाय आंबलेले असतां पुन्हां बैठकीवर बसण्याची संवय आधींच झालेली असावी.

गति किती असावी? ज्या गतीनें चालवीत असतां शेजाऱ्याशीं सलग वाक्यांत बोलतां येतें, ती गति बरोबर. शब्द तुटूं लागले, कीं वेग जास्त झाला. याहून स्वस्त व विश्वासू यंत्र बाजारांत मिळावयाचें नाहीं. गिअरची सायकल असल्यास जड गिअर लावून पेडल दाबीत बसूं नये. हलका गिअर लावून पाय भराभर फिरूं द्यावेत. साध्या सायकलवाल्यानें चढावर खालीं उतरून चालण्याची लाज बाळगूं नये.

ह्या फेऱ्यांसाठीं दूर जावयास नको. दौंडच्या मुलांस पाटसपर्यंत जाऊन परत येतां पंचवीसच्या आसपास किलोमीटर होतात. शिरूरच्या मुलांस न्हावऱ्यास जाऊन परत येणें ही नवव्या-दहाव्या आठवड्याची फेरी होय. त्याच सुमारास कुकडीकांठचे निघोजचे रांजणखळगेही पाहून येतां येतील. पाण्यानें गोटे फिरवून फिरवून कातळांत केवढे रांजण कोरले, हें तेथें डोळ्यांनीं दिसतें. आमच्या विषयास याहून समर्पक धडा कोणत्याही पुस्तकांत नाहीं. आपला मुलूख बहुतेक सपाट असल्यामुळें चढाची संवय होत नाहीं. ज्यांस पुढें घाट चढावयाचा असेल, त्यांनीं यवतहून भुलेश्वराच्या डोंगराची वाट एक-दोन वेळां चढावी. आणि बारा आठवडे पुरे झाल्यावर पहिली सफर गोव्याची नको, केडगांवची असावी. शिरूरहून निघून, भीमा ओलांडून पहिला मुक्काम केडगांवास. दुसऱ्या दिवशीं दौंड. तिसऱ्या दिवशीं परत. ह्या सफरींत आणखी एक सोय आहे. शिरूरास रेल्वे नाहीं; परंतु केडगांव व दौंड ह्या दोन्ही ठिकाणीं स्टेशनें आहेत, व दौंड तर १८७८ पासून मनमाडच्या फांट्याचें जंक्शन आहे. कोणाची प्रकृति बिघडलीच, तर त्यास गाडींत बसवून घराकडे धाडतां येतें.

सायकलीविषयीं दोन शब्द. पुष्कळ वडिलांस वाटतें कीं, ह्या नादापायीं महागडी सायकल घ्यावी लागेल. नवशिक्यास ती नको. घरची साधी सायकल पुरे. मात्र ती मुलाच्या मापाची असावी. बैठकीवर बसून टांच खालच्या पेडलवर टेकली असतां गुडघा अगदीं सरळ व्हावा. मग चवडा पेडलवर ठेवला म्हणजे गुडघ्यांत थोडासा वांक राहतो, तेंच योग्य माप. गुडघा पुढून दुखूं लागला, तर बैठक बहुधा फार खालीं आहे. मागून दुखूं लागला, तर बहुधा फार वर आहे. मुलाच्या बैठकीची उंची पाहण्यास वडिलांनीं पांच मिनिटें घालविलीं, तर पुढचीं पुष्कळ दुखणीं टळतील.

हवा भरलेली धांव चाकास बसविण्याची युक्ति बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें काढली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठीं त्यानें ती खटपट केली होती. एका बापाच्या मायेंतून निघालेली ही युक्ति आज सर्व जगाच्या चाकांखालीं आहे. परंतु डनलॉपच्या गांवीं आपल्याकडील बाभळी नव्हत्या! घोड व भीमा यांच्या कांठच्या रस्त्यांवर बाभळीचा कांटा आणि सराटे यांचें राज्य आहे. तेव्हां ज्यास पंक्चर काढतां येत नाहीं, त्यानें सफरीचें नांव काढूं नये. टायर उतरविणें, ट्यूब पाण्यांत बुडवून बुडबुडे कोठून निघतात तें पाहणें, जागा घासून सोल्युशन लावणें, तें सुकूं देणें, मग पॅच दाबणें, आणि शेवटीं टायरच्या आंतून बोट फिरवून मूळ कांटा काढणें : हा सर्व विधि प्रत्येकानें स्वतःच्या हातानें निदान तीनदां केलेला असावा. शेवटची पायरी विसरणारा मनुष्य दहा मिनिटांत पुन्हां रस्त्याच्या कडेस बसलेला दिसतो. पंप, पाना, पॅचचें साहित्य व एक जादा ट्यूब ही शिदोरी भाकरीइतकीच आवश्यक समजावी. सामान पाठीवर न बांधतां मागील कॅरिअरवर बांधावें, व शेवटच्या दोन-तीन फेऱ्या त्या ओझ्यासह कराव्या. ओझें बांधल्यावर सायकल निराळीच वागते.

खाण्यापिण्याचा नियम सोपा आहे : तहान लागण्यापूर्वीं प्यावें, भूक लागण्यापूर्वीं खावें. आपला मुलूख पर्जन्यछायेचा, हवा कोरडी. घाम अंगावर दिसण्यापूर्वींच उडून जातो, आणि आपण कोरडे पडत चाललों हें कळत नाहीं. तासास अर्धा लिटर पाणी घोट घोट घ्यावें. ऊन असेल तर अधिक घ्यावें व त्यांत चिमूटभर मीठ टाकावें. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळीं, आणि दौंड तालुक्यांतील गुऱ्हाळांचा गूळ यांपुढें बाजारांतील रंगीत बाटल्यांची मातबरी नाहीं. नवा पदार्थ सफरीच्या दिवशीं प्रथमच खाऊन पाहूं नये.

आतां रस्त्याच्या प्रश्नाकडे वळूं. कारण वडिलांचें खरें भय तेथेंच आहे, आणि तें अनाठायीं नाहीं. पुणें-अहिल्यानगर व पुणें-सोलापूर हे महामार्ग नवशिक्याची जागा नव्हेत, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. शिवाय आमची सफरीची ऋतु आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकच पडतो. उसानें भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गल्लीबोळांतील रस्त्यांवरही भेटतो. मागून त्याचा दिवा पुष्कळदां दिसत नाहीं, आणि मागची ट्रॉली वळतांना आंत येते. म्हणून नियम असे : आंतील रस्ते धरावे, उजाडल्यावर निघावें व ऊन चढण्यापूर्वीं मुक्काम गांठावा, सूर्यास्तानंतर एकही चाक फिरवूं नये, डोक्यास हेल्मेट, अंगांत भडक रंगाचा सदरा व मागें चकाकणारी पट्टी असावी, एकापाठीं एक चालावें, जोडीनें गप्पा मारीत चालूं नये, कानांत गाणीं नकोत, आणि ट्रॅक्टरास धरून फुकट ओढून घेणाऱ्यास त्याच दिवशीं घरीं परत पाठवावें. पहिल्या सफरींत एक जाणता मनुष्य बरोबर असलाच पाहिजे.

रांगेंत पुढें कोणी असावें? आमच्या मतें, जो सर्वांत मंद त्यानें. जोरकस मुलगा पुढें असला म्हणजे रांग तुटते, मागचा एकटा पडतो, त्यास गांठण्यासाठीं तो उसनें बळ आणतो, आणि अपघात होतो तो अशा वेळीं. मंद गड्यास पुढें ठेवलें, तर सर्वांची गति एक होते व कोणी मागें राहत नाहीं. तुकोबांची पालखी दरवर्षीं यवत, वरवंड अशी दौंड तालुक्यांतून जाते. ती आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. म्हातारीं माणसें, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सर्व त्या दिंड्यांतून पंढरीस पोहोंचतात. तीं पायांच्या बळावर पोहोंचतात असें नव्हे; रोजची मजल ठरलेली, मुक्काम ठरलेला, व सर्वांचें पाऊल एक, म्हणून पोहोंचतात. धर्म कोणताही असो, शिकावयाची गोष्ट दिसली कीं ती शिकावी.

येथवर आम्ही मुलांविषयीं लिहीत आलों; मुलींविषयीं निराळें लिहावें लागतें ही खेदाची गोष्ट आहे. मुलास ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं घरांत निदान वाद होतो. मुलगी विचारावयासच धजत नाहीं. अशा वडिलांस आम्ही केडगांवच्या मुक्कामाची आठवण देतों. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति सदन आहे. रमाबाई लहानपणीं आईबापांबरोबर, व दुष्काळांत त्यांस अंतरल्यावर भावाबरोबर, हजारों मैल पायीं हिंडल्या. त्या पायपिटींतून जी बाई घडली, तिनें पुढें केडगांवास अनाथ व दुष्काळग्रस्त स्त्रियांस आसरा दिला, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर वर्षानुवर्षें बसून केलें, आणि तें छापण्याचें काम तेथील स्त्रियांच्याच हातून करविलें. रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या. काम उभें आहे. रोज थोडें, परंतु नेमानें, ह्या तत्त्वाचें याहून मोठें उदाहरण आमच्या पंचक्रोशींत नाहीं, आणि तें एका स्त्रीचें आहे. बारा आठवडे पुरे करणारी मुलगी ही त्याच रस्त्यानें, त्याच रांगेंत, त्याच नियमांनीं केडगांवास जाण्यास मुलाइतकीच लायक आहे.

अभ्यास बुडेल, हा एक आक्षेप उरतो. आठवड्यांतील तीन सकाळींचा अर्धा-पाऊण तास आणि शनिवारची सकाळ, एवढाच ह्या क्रमाचा खर्च. जो मुलगा ह्या अवधींत हातांतला मोबाइल खालीं ठेवील, त्याचा अभ्यास बुडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. उलट, आज २० तर पुढील शनिवारीं २२, आणि हाताशीं जोर असूनही चौथ्या शनिवारीं १६ च, हा हिशेब ज्यानें पाळला, त्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीं सबंध पुस्तक गिळण्याची हौस राहणार नाहीं.

शेवटीं परवानगीविषयीं. प्रत्येक नवशिक्यानें एक वही घालावी. कोणत्या दिवशीं, किती अंतर, किती वेळ, काय दुखलें, काय मोडलें, काय खाल्लें, एवढें तींत लिहावें, आणि दर शनिवारीं रात्रीं ती वडिलांपुढें अथवा आईपुढें ठेवावी. त्यांनीं ती वाचून सही करावी. बारा सह्या झाल्या, कीं वहीच बोलूं लागते. मुलानें आर्जव करण्याचें किंवा वडिलांनीं डोळे वटारण्याचें कारण उरत नाहीं. वहींत एक गोष्ट मात्र वडिलांनीं अवश्य शोधावी. बारा आठवड्यांत मुलगा एकदां तरी अर्ध्या वाटेंतून परत फिरला आहे काय? वारा तोंडावर होता म्हणून, सोबत्याचा गुडघा दुखला म्हणून, आभाळ भरून आलें म्हणून, ठरलेलें अंतर सोडून तो घरीं आला काय, व तें त्यानें खरें लिहिलें काय? लिहिलें असल्यास त्यावर रागें भरूं नये. पुढें जाण्याचें बळ पुष्कळांत असतें. योग्य वेळीं परत फिरण्याचें बळ थोड्यांत असतें, आणि घरापासून दूर असलेल्या मुलास सांभाळतें तें हें दुसरें बळ.

आणि अशी वही पुढें ठेवूनही वडील ‘नाहीं’च म्हणतील, तर आमचें त्यांस सांगणें कठोर आहे. ज्या मुलानें नियम पाळला, खरें लिहिलें, सही घेतली, त्यास तरीही नकार मिळाला, तर तो एकच धडा शिकेल : विचारून जाण्यांत अर्थ नाहीं. पुढच्या वेळीं तो विचारणार नाहीं. आणि त्या वेळीं तो कोणत्या रस्त्यानें, कोणाबरोबर, किती तयारीनें गेला, हें कोणासच ठाऊक नसेल. वडिलांस ज्याचें भय वाटतें, तेंच अशानें घडून येतें.

विद्यार्थिमित्रहो, नकाशा मिटून ठेवा. तो कोठें पळून जात नाहीं. येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारीं वीस किलोमीटर जाऊन या, आणि रात्रीं वही घरच्यांपुढें ठेवा. पालकहो, ती वही वाचा, सही करा, आणि बारावी सही झाली म्हणजे दार उघडा.